नसलेल्या पोलोकोची आई

आमच्याकडं सून घरात आली की पहिल्याच दिवशी तिचं नाव काढून घेतात. सासू तिच्या खांद्यावर नवं ब्लँकेट टाकते आणि सगळ्यांसमोर सांगते, आजपासून ही अमक्याची आई. अमका अजून जन्माला यायचा असतो, पण लेसोथोच्या डोंगरांत त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पुढं पहिलं मूल झालं की तेच नाव त्याला द्यायचं, म्हणजे बोललेलं खरं झालं. लिपुओला तिच्या सासूनं मापोलोको केलं, म्हणजे पोलोकोची आई. पोलोको म्हणजे जपणूक. नाव चांगलंच होतं. लिपुओ तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिची शाळा अर्ध्यात राहिली होती.

पोलोको आला नाही. पोलोको आलीही नाही. मुलाला आणि मुलीला दोघांनाही चालेल असं नाव सासूनं विचार करून निवडलं होतं, ते तसंच पडून राहिलं. नवरा दुसऱ्या वर्षी खाली दक्षिण आफ्रिकेत गेला, सोन्याच्या खाणीत. आधी दर नाताळला यायचा, मग एक वर्ष आड, मग त्याच्याऐवजी त्याच्याबरोबरचा एक माणूस निरोप घेऊन आला, की त्यानं तिकडंच बिऱ्हाड थाटलंय आणि त्याला मुलंही झालीत. त्यांतल्या एकाचं नाव पोलोको ठेवलंय का, हे मापोलोकोच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं त्या माणसाला ज्वारीची आंबट पेज प्यायला दिली आणि विचारलं नाही.

सासरी तिला कुणी छळलं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर लोक लगेच सासूला धरतात. सासू शेवटपर्यंत तिला मायेनंच हाक मारायची. त्रास त्या हाकेचाच होता. पाणी आण म्हणायचं तरी नसलेल्या पोराचं नाव घ्यायचं, मीठ कुठंय विचारायचं तरी तेच. दिवसातून कितीदा तरी ते पोर घरात यायचं आणि निघून जायचं. पुढं सासू गेली, घर दिराकडं आलं, दिराची मुलं अंगणभर झाली. चुलीजवळची मापोलोकोची जागा कुणी नाकारली नव्हती, पण ये, बस असंही कुणी म्हणेना. अशात हा-सेलोमो गावच्या मिशन शाळेला मुलींच्या वसतिगृहासाठी बाई हवी आहे असं तिच्या कानावर आलं, आणि एक पत्र्याची पेटी आणि दोन ब्लँकेटं घेऊन ती घाट चढून तिथं आली.

शाळा म्हणजे डोंगराच्या खांद्यावर दगडी भिंतींच्या चार खोल्या, एक चॅपेल आणि थोडं खाली मुलांचं एक आणि मुलींचं एक वसतिगृह. सगळी मिळून चाळीस-पन्नास पोरं. त्यांचे वर्ग करायला गेलं की शिक्षकांच्या नाकी नऊ यायचे. कुणी मेंढरं राखून राखून मिशी फुटल्यावर शाळेत आलेला, कुणी आजारपणात वर्षं घालवलेली, कुणी इंग्रजीत पुढं आणि गणितात पार मागं. मुख्याध्यापक होते न्ताते लेत्सिका; न्ताते म्हणजे बाबा, आमच्याकडं कुणाही पुरुषाला मानानं असंच म्हणतात. त्यांनी शेवटी वर्ग मोडूनच टाकले. त्यांनी टेबलं भिंतीकडं तोंड करून लावली. प्रत्येकाला आपलं टेबल, आपलं काम आणि आपली चाल. शेजारचा काय शिकतोय याच्याशी आपला संबंध नाही. एखादा भाग शिकून झाला की बाहेर पीचच्या झाडाखालच्या बाकावर न्ताते लेत्सिकांच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तो भाग त्यांना शिकवायचा. म्हातारा अगदी अक्षरशत्रू असल्यासारखा चेहरा करून ऐकायचा आणि म्हणायचा, "कळलं नाही, पुन्हा सांग." त्यांना कळलं की पोर पुढं गेलं.

त्यामुळं त्या शाळेत कितवीत आहेस असं कुणी कुणाला विचारत नसे. झऱ्यावर, जेवणाच्या रांगेत, चॅपेलच्या पायरीवर एकच प्रश्न चालायचा, कुठवर आलीस? आणि न्ताते लेत्सिकांचा एक नियम होता, ज्याचा त्यांना फार अभिमान. इथं कुणाला ढकलायचं नाही. सरकारी परीक्षेलासुद्धा मूल आपणहून बाकावर येऊन 'मी तयार आहे' म्हणेल तेव्हाच बसवायचं. माणूस भला होता. भल्या माणसांची अडचण अशी की त्यांच्याशी भांडायला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

पहिल्याच दिवशी ते मापोलोकोला म्हणाले, मुलींकडं बघा आणि वेळ उरला तर तुमचंही राहिलेलं शिकून घ्या, एक टेबल रिकामं आहे. तिला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी खरंच कोपऱ्यात तिच्यासाठी टेबल ठेवलेलं होतं. ती बसली तर गुडघे खाली मावेनात. मुलींनी हसू दाबलं, ते तिला ऐकू आलं.

तिचे दिवस मग दोन तुकड्यांचे झाले. सकाळी घंटा झाली की मुलींना उठवायचं, कुणाचा घसा बसलाय, कुणाला घरची आठवण येतेय ते बघायचं, कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून कोठीघरातून मक्याचं पीठ आणि घेवडा काढून द्यायचा. आणि मग तोच जुडगा टेबलावर ठेवून विद्यार्थिनी व्हायचं. पण मुली तिला टेबलाशीसुद्धा म्मे मापोलोकोच म्हणायच्या. म्हणजे मापोलोकोआई. खोडरबर मागायचं तरी आधी आई. दोघी-तिघी मिळून खिदळत असल्या आणि ती जवळ आली की चेहरे नीट व्हायचे. शिक्षकांच्या खोलीत चहाला तिला बोलवावं की ती विद्यार्थिनी म्हणून बोलवू नये, हे शिक्षकांना कधीच ठरवता आलं नाही. तिनंच त्यांचा प्रश्न सोडवला. ती कोठीघराच्या पायरीवर उभ्यानं चहा पिऊ लागली. इतक्या माणसांत राहून तिला दिवसभरात आपल्याबद्दल एक शब्दही बोलावा लागत नसे.

शिकणं मात्र तिला मनापासून आवडलं. भूगोलातले वारे, बटाट्याचे रोग, इंग्रजीतली पत्रं, त्रिकोण आणि वर्तुळं, एकेक करून तिनं सगळं बाकावर बसून न्ताते लेत्सिकांना शिकवलं. शेवटी गणितातला एक भाग राहिला, अज्ञात संख्या शोधायचा, आणि तिथं ती थांबली. 'कुठवर आलात, म्मे?' असं कुणी विचारलं की म्हणायची, तिथंच. ते वर्ष तिथंच गेलं, पुढचंही तिथंच. न्ताते लेत्सिका मान डोलवत म्हणायचे, घाई नाही. तिच्या हाताखाली वसतिगृह इतकं सुरळीत चाललं होतं की घाई खरंच कुणालाच नव्हती.

इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. तिला ते गणित येत होतं. केव्हाच येत होतं. ती सोडवायची आणि खोडायची. ज्युनिअरची ती सरकारी परीक्षा पास झाली की राजधानीत, मसेरूला, नर्सिंगच्या लहान कोर्सला जाता येत होतं, आणि तिला तेच हवं होतं. पण तयार आहे म्हटलं की हे टेबल सोडावं लागणार, ही खोली, या पोरी सोडाव्या लागणार, आणि घाट उतरून जायचं तर जिथं कुणी ओळखत नाही अशा गावात जायचं. नाही म्हटलं तर मात्र मरेपर्यंत कमरेला हा जुडगा आणि मागं ते नाव. दोन्हीची भीती सारखीच होती, आणि सारखी भीती असली की माणूस आहे तिथंच बसतो.

दर वर्षी नोव्हेंबरात परीक्षा व्हायची आणि मग मुली पेट्या बांधून जायच्या. तिच्या मागून आलेल्या, तिच्या पुढ्यात बसून वेण्या घालून घेतलेल्या पोरी तिला ओलांडून गेल्या. त्यांच्या पेट्यांना दोर तीच बांधायची, कारण तिची गाठ सुटत नसे. घाटाच्या वळणापर्यंत सोडायला जायची. बस दिसेनाशी झाली की परतायची. सुटीत एकदा दिराच्या घरी जाऊन पाहिलं होतं. चुलीजवळच्या तिच्या जागेवर पिठाचं पोतं ठेवलेलं होतं, ते त्यांनी तिला बघून लगबगीनं उचललं. ती लगबग तिला सोसली नाही. पुन्हा ती गेली नाही.

मग सुटीभर त्या रिकाम्या वसतिगृहात ती एकटी. दोन्हीकडं गुंडाळलेल्या गाद्या आणि पत्र्यावर वारा. एकेक दिवस ती एकेका मुलीच्या खाटेवर झोपायची, तिथून छत कसं दिसतं ते बघायला. दिवसा पीचखालच्या बाकावर बसून मोठ्यानं शिकवायची, मग सरकून न्ताते लेत्सिकांच्या जागेवर बसायची आणि म्हणायची, कळलं नाही, पुन्हा सांग. पुन्हा इकडं सरकून पुन्हा सांगायची. एकदा मेंढरं घेऊन चाललेल्या एका गुराख्यानं हा प्रकार पाहिला आणि बिचारा पायवाट सोडून वरच्या खडकांतून गेला. तिला हसू आलं. पण ते सांगायलाही जवळ कुणी नव्हतं.

त्या जानेवारीत नव्या मुली आल्या. त्यांत एक बारकी, मोठ्या कपाळाची पोरगी होती. एका हातात पेटी आणि दुसऱ्या काखेत कोंबडी. कोंबडी तिच्या आजोबांनी शाळेला भेट पाठवली होती. मापोलोकोनं नाव विचारलं, तर म्हणाली, पोलोको.

वसतिगृहात हशा उसळला. लिम्फो नावाची एक थोराड मुलगी होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "म्मे, किती वाट बघायला लावली हो हिनं! आणि आली ती बाळंतिणीची कोंबडीसुद्धा स्वतःच घेऊन आली."

मापोलोकोही हसली. अशा वेळी हसावंच लागतं. पण तिनं त्या पोरीला आपल्या खोलीच्या दाराजवळची खाट दिली, पलीकडं चूल असल्यामुळं उबेची, आणि आपल्या दोन ब्लँकेटांतलं एक तिच्या पायथ्याशी ठेवलं. असं का केलं हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

पोरगी हुशार निघाली. भिंतीकडं तोंड करून बसली की उठायचं नाव नाही. तिचा एक विक्षिप्तपणा मात्र होता. ती मापोलोकोला हाकच मारत नसे. शाल ओढायची, समोर येऊन उभी राहायची, 'ऐका ना' म्हणायची, पण नाव एकदाही नाही. बाकीच्या पोरी दिवसभर त्या नावाचा गजर करायच्या, आणि जिच्या तोंडून ते ऐकावं असं वाटायला लागलं होतं तीच नेमकी मूग गिळून. एक दिवस झऱ्यावर पाणी भरताना मापोलोकोनं विचारलंच.

"मला नावानं हाक का मारत नाहीस गं?"

"ते माझ्या आईचं नाव आहे."

"असू दे की. माझंही तेच आहे."

"माझी आई जोहान्सबर्गला लोकांची मुलं सांभाळते," पोरगी म्हणाली. "तिला मापोलोको म्हणतात कारण मी आहे. तुम्हाला कुठं कोण आहे?"

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्या वयाच्या पोरी दिसतं तसं बोलतात. पण मापोलोकोचे कान गरम झाले. गेले काही दिवस ती मनात काय मांडून बसली होती ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पोरीला आई होती, जिवंत होती, नाताळला नवा फ्रॉक घेऊन येणारी होती. पोरीकडं ती जागा रिकामी नव्हतीच.

"मग तुमचं स्वतःचं नाव काय?" पोरीनं विचारलं.

हा प्रश्न तिला लग्नानंतर कुणी विचारलेला नव्हता. नाव ती विसरली नव्हती, पण बाहेर काढायला वेळ लागला, गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवताना लागतो तसा. "लिपुओ," ती म्हणाली.

"लिपुओ." पोरीनं चव घेतल्यासारखं म्हणून पाहिलं. "चांगलंय की."

मापोलोकोनं तिला तिथंच ताकीद दिली. चांगलं असेल तर असू दे, पण मोठ्या माणसाचं नाव असं घ्यायचं नाही, आणि इथं तर मुळीच नाही. नुसतं म्मे म्हण. पोरीनं बादली डोक्यावर घेतली, मान हलवता येईना म्हणून डोळ्यांनीच बरं म्हटलं, आणि त्या दिवसापासून ती नुसतं म्मे म्हणू लागली.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, थंडीची सुटी लागली. मुली गेल्या. पोलोकोला न्यायला आजोबा घोडा घेऊन यायचे होते, पण बर्फ पडलं आणि घाट बंद झाला. सगळ्या वसतिगृहात दोघीच उरल्या. मापोलोकोला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून वाईटही वाटलं, कारण पोरगी खिडकीला नाक लावून घाटाकडं बघत बसायची. चुलीवर ज्वारीचे दाणे शिजत ठेवायचे, शेणी सारायच्या, एकमेकींच्या ब्लँकेटांना ठिगळं लावायची, असे दिवस जात होते. एका दुपारी पोलोको कंटाळली आणि म्हणाली, बाक-बाक खेळू या. ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून, नाकावर नसलेला चष्मा सारखा करत ती हुबेहूब न्ताते लेत्सिकांसारखी खाकरली.

"कुठवर आलात, म्मे?"

"तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं? आम्हाला तर काहीच येत नाही. शिकवा."

मापोलोको हसली आणि शिकवायला लागली. म्हणाली, एक संख्या असते, ती किती आहे ते आपल्याला माहीत नसतं. तरी तिला आधी एक नाव देऊन टाकायचं. ती आहेच असं धरून चालायचं. इकडचं तिकडं नेलं की चिन्ह बदलतं, तेवढं सांभाळायचं. असं करत गेलं की शेवटी ती सापडते. चुलीतल्या कोळशानं तिनं फरशीवर एक गणित मांडलं आणि सोडवलं, मग दुसरं. तिचा हात कुठंही अडखळला नाही.

"आणि नाही सापडली तर?" पोलोकोनं विचारलं.

"काही गणितं तशीही असतात. उत्तरच नसतं त्यांना."

"मग काय करायचं?"

"उत्तर नाही असं लिहायचं," मापोलोको म्हणाली, "आणि पुढचं गणित घ्यायचं."

बोलून गेल्यावर तिचा हात थांबला. पोलोकोच्या ते लक्षात आलं नाही, ती फरशीवरचे आकडे तपासत होती. मग ब्लँकेट खाली टाकून ती पुन्हा पोलोको झाली आणि म्हणाली, "तुम्हाला सगळं येतंय. मग तयार नाही असं का सांगता?"

"तयार झालं की जावं लागतं."

"मग जा की."

"तिथं मला कोण ओळखतंय?"

"इथं तरी कोण ओळखतंय?" ती म्हणाली. "तुमचं नावसुद्धा माहीत नाही कुणाला."

मापोलोकोनं कोळसा चुलीत टाकला आणि दाणे शिजले का ते बघायला उठली. घाट मोकळा झाल्यावर आजोबा आले. पोरगी घोड्यावर पाठीमागं बसून गेली. मापोलोको फरशीवरचं गणित पुसायला गेली, पण तिनं ते सुटी संपेपर्यंत तसंच ठेवलं.

पीचला फुलं आली तेव्हा ती बाकावर जाऊन बसली. शेवटचा भाग तिनं एका दमात शिकवला. न्ताते लेत्सिकांनी एकदाही कळलं नाही म्हटलं नाही. मग ती म्हणाली, मी तयार आहे. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला आणि विचारलं, "नक्की?"

आजवर त्या बाकावर त्यांनी कुणालाच नक्की का असं विचारलं नव्हतं. ते तिलाही कळलं आणि त्यांनाही. वसतिगृहाचं कसं होणार, हे त्यांच्या तोंडून अर्धं निघालंही होतं, पण ते गिळून त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच द्यावं लागेल. ती म्हणाली, द्या. आणि कुणाला सांगू नका. नापास झाले तर या पोरींना जेवण वाढताना मला तोंड दाखवायचंय. त्यांनी शब्द दिला. तिनं पोलोकोलाही सांगितलं नाही. पण पोलोकोनं त्यानंतर तिला कुठवर आलात असं एकदाही विचारलं नाही, त्यावरून काय ते समजावं.

परीक्षेचा दिवस उजाडला. चॅपेलमधली बाकं बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. जिल्ह्याहून एक टाय लावलेला तरुण परीक्षक आला होता. परीक्षेची पोरं दारासमोर ओळीत उभी, लिम्फो त्यांत सगळ्यात पुढं. बाकीच्या पोरांना गप्प बसण्याच्या अटीवर समोरच्या पायऱ्यांवर बसून बघायची परवानगी होती. मापोलोको ओळीत नव्हती. ती पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. रविवारचा पांढरा ब्लाउज घातला होता, पण त्यावर रोजचा एप्रन बांधला होता आणि कमरेला किल्ल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, पोरांना पाणी द्यायला थांबलीय.

परीक्षक नावं पुकारू लागला. ज्याचं नाव येईल तो आत जायचा. लिम्फो गेली नाही तोच पुढचं नाव आलं.

"लिपुओ सेकेते."

कुणी हललं नाही. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. परीक्षकानं पुन्हा पुकारलं, जरा जोरात. ओळीतला एक मुलगा म्हणाला, सर, इथं अशी कुणी नाही. दारातून लिम्फोनं डोकं बाहेर काढून सांगितलं, सगळ्या शाळेत नाही, मी सगळ्यांना ओळखते.

मापोलोकोचा हात किल्ल्यांवर होता. तिला वाटलं, किती सोपं आहे. काही करायचंच नाही. नुसतं असं उभं राहायचं. तो गैरहजर म्हणून खूण करील, ती लिपुओ कोण होती ते कुणाला कधी कळणार नाही, आणि दुपारी आपण नेहमीसारखं जेवण वाढू. तिनं न्ताते लेत्सिकांकडं पाहिलं. ते दाराशी उभे होते आणि तिच्याकडंच बघत होते. जन्मभर त्यांनी कुणाला ढकललं नव्हतं, आजही ढकलणार नव्हते. त्या भल्या माणसाचा मला अजूनही राग येतो.

"लिपुओ सेकेते. शेवटचं विचारतोय," परीक्षक म्हणाला आणि त्यानं खिशातलं पेन काढलं.

"लिपुओ!"

हाक पायऱ्यांवरून आली. पोलोको उभी राहिली होती, दोन्ही हातांचा कर्णा करून, नदीपल्याडच्या मैत्रिणीला हाक मारतात तशी. "ए लिपुओ! तुला बोलावतायत!"

आमच्याकडं पोरं शेजारच्या म्हातारीलासुद्धा नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, आणि ही तर वसतिगृहाची म्मे. लिम्फोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणि पिंपाजवळच्या बाईला चौदा वर्षांची असतानाची सकाळ आठवली, मैत्रिणी शाळेला निघालेल्या, ओढ्यापलीकडून अशाच ओरडणाऱ्या, चल ना गं, उशीर होतोय. तेव्हापासून तिला तू म्हणून कुणी कुठं चल म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं, पण ते तिनं नंतरसाठी ठेवलं.

तिनं एप्रन सोडला आणि पिंपावर टाकला. कमरेचा जुडगा काढून न्ताते लेत्सिकांपुढं धरला. त्यांनी तो दोन्ही हात पुढं करून घेतला, मोठ्या माणसाकडून वस्तू घेतात तसा.

"बाई, तीनदा हाक मारली," परीक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "ऐकू येत नाही का?"

"येतं, न्ताते," ती म्हणाली. "सवय मोडली होती."

आत टेबलं ओळीत लावलेली होती. त्या शाळेत टेबलं एका दिशेला तोंड करून फक्त परीक्षेच्या दिवशी लागायची, त्यामुळं तिच्यापुढं भिंत नव्हती, लिम्फोची पाठ होती. तिनं गुडघे कसेबसे टेबलाखाली घातले. कागदावर वर नावासाठी जागा सोडलेली होती. तिनं आपलं नाव लिहिलं आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला.